पाच कोण म्हणालं?

“एक!” नाना गोळे ओरडले.

“दोन!” हकीम मास्तर.

“तीन.” ही मास्तरांची बायको, रशीदाभाभी. तोंडात सुपारी होती.

“चार,” तात्या म्हणाले आणि त्यांनी ओठ घट्ट दाबून धरले. आणखी एक शब्द बाहेर यायला बघत होता, तो त्यांनी आत ढकलला.

“पाच,” वृंदा म्हणाली.

“सहा!” मी म्हटलं, आणि शेजारच्या बाभळीवरचे बगळे उडाले. आमची पिठाची गिरणी. तिच्या घरघरीत जन्म गेल्यावर माणूस हळू बोलायचं विसरतं, त्याला मी काय करू?

अशी पार पंधरापर्यंत मोजणी गेली. पंधरा म्हणजे मास्तरांची सात वर्षांची नात. ती आपला नंबर असा काही किंचाळायची की जीपचा ड्रायव्हर दचकून जागा व्हायचा.

आमच्या साताऱ्याच्या पायगाडी मंडळाची ही रीत. महिन्यातून एका रविवारी डोंगर चढायचा, सकाळी निघायचं, संध्याकाळी घरी. मंडळात सात वर्षांपासून सत्तरीपर्यंत सगळे. नंबर कायमचे. जो आला नसेल त्याचा नंबर नाना स्वतः “रजा” म्हणून ओलांडायचे. नाना एसटीत कंट्रोलर होते, शिस्त त्यांच्या हाडात. “आपला नंबर आपल्या तोंडानं,” हा त्यांचा नियम. नवऱ्याचा बायकोनं नाही, नातवाचा आजोबांनी नाही.

हा नियम फक्त एका माणसाला माफ होता, तो म्हणजे तात्या क्षीरसागर. तात्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आमच्या गिरणीला लागून. त्यांचा नंबर चार आणि इंदूताईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, पाच. इंदूताई माझी सख्खी मैत्रीण. ती गेली, त्यानंतरच्या पहिल्या डोंगरावर तात्या “चार” म्हणाले आणि मोजणी अडली. माझ्या तोंडून सहा निघेना. “पाच, रजा” म्हणायला नानांचीही जीभ उचलेना. तेव्हा तात्याच हळूच म्हणाले, “पाच.” त्यानंतर दोन वर्षं ते एका दमात म्हणत, “चार, पाच.” नंबर पंधरा आणि माणसं चौदा, हे आम्ही मनात धरूनच चालायचो.

आणि त्या दिवशी, गणपती जाऊन आठवडाही झाला नव्हता, त्यांची मुलगी वृंदा पहिल्यांदा आमच्याबरोबर आली. इंदूरला दिलेली, पोर सासूपाशी ठेवून आलेली. आणलं मीच तिला, बळंबळं. घरात बाप-लेक दोन दिवस समोरासमोर बसून वर्तमानपत्राची पानं वाटून घेत होती. म्हटलं, डोंगरावर तरी तोंडं उघडतील.

नाना तिला सोळा नंबर देत होते. तर तात्या पुढं आले. “तिला पाच द्या,” म्हणाले.

नानांनी नुसती मान हलवली. तात्यांनी जीपमधून इंदूताईंची काठी काढली, पितळी टोपणाची, आणि वृंदाच्या हातात दिली. “धर. चिखल असतो,” एवढंच.

वृंदानं ती काठी दोन्ही हातांनी घेतली. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी ते शिंकेवर खपवलं.

भैरोबाच्या डोंगराला चढ फार नाही, पण लांब आहे. तेरडा फुललेला, सगळा उतार गुलाबी. वृंदा माझ्याबरोबर चालत होती, तात्या पुढं मास्तरांबरोबर.

“मावशी,” ती म्हणाली, “ते खरंच मनापासून म्हणाले का? पाच द्या म्हणून?”

“नाहीतर काय, नानांनी चिमटा काढला म्हणून? अगं, तो माणूस जन्मात तीन वाक्यं सलग बोललेला नाही. त्यानं आज एक बोललं, ते पदरात पाड.”

ती हसली. मग म्हणाली, “आई आजारी होती ते मला कळवलं नाही त्यांनी. मी आले तेव्हा राख सावडून झाली होती. मला वाटलं, या घरात मला कुणी धरतच नाही.”

“इंदूच म्हणाली होती, पोरीचे दिवस भरत आलेत, तिला पळापळ करायला लावू नका.”

“तुम्ही सांगताय ते. त्यांनी कधी सांगितलं नाही.” तिनं काठीनं एक दगड बाजूला सारला. “यंदा दिवाळीला त्यांना इंदूरला न्यायचंय मला. तिकीट काढूनच आणलंय. पर्समध्ये आहे. विचारायचं धाडस होत नाही. नाही म्हणाले तर परत यायची नाही मी साताऱ्याला. उगाच कशाला यायचं?”

“आज विचार.”

“वर पोचल्यावर विचारते.”

वर पोचलो. देवळासमोर पंगत बसली. वृंदानं धपाटे आणले होते, आईच्या हातासारखे. तात्यांनी एक खाल्ला, म्हणाले, “मीठ कमी आहे,” आणि दुसरा घेतला. मग तिसरा घेतला. याहून मोठी शाबासकी त्या माणसानं इंदूताईंनाही दिली नव्हती.

हात धुवायला टाक्यावर गेले तर तात्या मागून आले. इकडं तिकडं बघून म्हणाले, “शालन, इंदूरला थंडी असते का गं दिवाळीत?”

“का हो?”

“नाही, दोन शर्ट शिवायला टाकलेत. पूर्ण बाह्यांचे.” मग मान खाली घालून म्हणाले, “ती बोलावेल ना?”

मला हसू आवरेना. एकीच्या पर्समध्ये तिकीट आणि दुसऱ्याचे शर्ट शिंप्याकडं! दोघांच्या मधे उभं राहून एकदाच ओरडले असते तरी काम झालं असतं. पण मी म्हटलं, राहू दे. बाप-लेकीचं गोड त्यांच्याच तोंडून होऊ दे. “तुम्हीच बोला की,” म्हटलं. “खाली उतरेपर्यंत बोला. जीपमध्ये पुन्हा वर्तमानपत्र नको.”

“बोलतो,” तात्या म्हणाले.

निघालो आणि धुकं आलं. असं आलं, जणू कुणी पिठाचं पोतं झटकलं. देवळाचा कळस गेला, मग पुढच्याची पाठ गेली. वर माथ्यावर भीतीचं काही नव्हतं, पण खाली खिंडीत दोन वाटा फुटतात. एक आमच्या जीपकडं आणि दुसरी डोंगराच्या पल्याड दरेवाडीला. म्हणून खिंडीत थांबून मोजणी करायची हा नानांचा नेम.

“थांबा!” नानांचा आवाज आला. “एक!”

“दोन!”

“तीन.”

“चार, पाच,” तात्यांचा.

“सहा!” मी.

आणि पार पंधरापर्यंत. पोरगी किंचाळली, सगळे हसले, नाना म्हणाले, “चला, भरले.” आणि आम्ही उतरलो.

उतार निसरडा होता. रशीदाभाभी दोनदा बसल्या, मी एकदा बसले. धुकं निम्म्यावर संपलं. खाली ऊन पडलेलं, जीप धुतल्यासारखी चकाकत होती. ज्याला त्याला चहाची घाई. तात्या बोनेटला टेकून उभे होते, नवीन शर्टाची इस्त्री तपासावी तसं सदऱ्याची बाही खाली ओढत होते. मी डोळ्यांनी खुणावलं, बोललात का? त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. “येऊ दे तिला,” म्हणाले.

“येऊ दे म्हणजे? कुठाय ती?”

“तुझ्याबरोबर होती ना?”

“मला वाटलं तुमच्याबरोबर!”

नाना चहाचा ग्लास तसाच ठेवून आले. “असं कसं होईल? खिंडीत मोजणी भरली होती. पंधरा झाले. पाच आलं होतं, मी ऐकलंय.”

“मीही ऐकलं,” मी म्हटलं. “म्हणून तर सहा म्हणाले.”

“मग पाच कोण म्हणालं?” नानांनी विचारलं.

विचारलं आणि विचारता विचारताच त्यांना कळलं. मलाही कळलं. मास्तरांनी खाली बघितलं. एकट्या तात्यांना कळायला वेळ लागला. ते एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांचा हात आपल्याच तोंडावर गेला.

“मी म्हणालो,” ते म्हणाले. “अरे देवा. मीच म्हणालो.”

आणि तो सत्तरीला आलेला माणूस डोंगराकडं पळत सुटला. नाना, मास्तर आणि मी त्यांच्या मागं. बाकीच्यांना जीपपाशी ठेवलं. तेव्हा मोबाइल वगैरे काही नव्हतं, हाका मारणं एवढंच हातात.

खिंडीत धुकं तसंच होतं. तात्या मधोमध उभे राहिले. मला वाटलं, मुलीचं नाव घेऊन हाक मारतील. पण ते ओरडले, “चार!”

आणि थांबले, कान देऊन.

“चार!” पुन्हा. पुन्हा थांबले. “चार! अगं, चार म्हणतोय मी!”

सहा म्हणजे मी त्यांच्या शेजारी उभी होते. माझ्या गिरणीच्या आवाजानं मीही हाका मारल्या. पण त्या माणसाचं ते चार म्हणून थांबणं बघवत नव्हतं. पल्याडच्या दरीतून काही येत नव्हतं. काहीच नाही.

दिवस कलायला लागला तेव्हा पल्याडच्या वाटेनं काठी टेकत एक म्हातारा वर आला. “तुमच्यातली एक बाई ऱ्हायलीय का वं? आमच्या दरेवाडीत हाय. वाट चुकून उतरली. माझ्या सुनेनं बशिवलीय.”

तात्या पुन्हा पळायला लागले.

वृंदा एका घराच्या ओट्यावर बसली होती, अंगावर घोंगडी, हातात चहाची कपबशी. इंदूताईंची काठी मांडीवर आडवी. आम्हाला बघून ती उठली. ती काही रडत बिडत नव्हती.

आता तात्यांनी काय करायला हवं होतं? जवळ जायला हवं होतं. डोक्यावर हात ठेवायला हवा होता. “पोरी, चुकलो” म्हटलं असतं तरी पुरे. पण भ्यालेला बाप पहिल्यांदा ओरडतो. आमच्याकडची ही रीतच, पोर हरवून सापडलं की आधी धपाटा.

“अक्कल आहे का तुला?” ते गरजले. गुडघ्यापर्यंत चिखल, छाती भात्यासारखी हलत होती. “सांगून जायची पद्धत नाही? घरच्यांना घोर लावायचा?”

“काठी देवळात राहिली होती,” वृंदा म्हणाली. “आईची. तुम्हाला कळलं असतं तर वाईट वाटलं असतं. म्हटलं, पटकन आणते.”

“एका काठीपायी...”

“येताना धुकं दाटलं. मी हाका मारल्या, पण वारा उलटा होता. मग तुमची मोजणी ऐकू आली.” ती एकदम लहान पोरीसारखी बोलायला लागली. “मला केवढं बरं वाटलं, तात्या. म्हटलं, आता पाचाला अडेल. माझं पाच आलं नाही की सगळे थांबतील. तुम्ही मागं याल. म्हणून मी जागची हललेसुद्धा नाही. आणि तुम्हीच पाच म्हणालात. आणि सगळे हसत हसत निघून गेले.”

म्हाताऱ्याची सून, नाना, मी, सगळे तात्यांच्या तोंडाकडं बघत होतो. बोला, मी मनात म्हणत होते, बोला हो, इंदूचं नाव घ्या, शर्टांचं सांगा, काहीही सांगा.

“सवय आहे,” तात्या म्हणाले. “सवयीनं निघालं.”

“हो,” वृंदा म्हणाली. “माझ्यावाचून चालवून घ्यायची सवय आहेच तुम्हाला.”

जीपमध्ये दोघं दोन टोकांना बसली. तिकिटाचा विषय निघाला नाही. सकाळी मी गिरणी उघडली तेव्हा वृंदा एसटी स्टँडकडं निघून गेली होती, ठरल्यापेक्षा एक दिवस आधी. काठी तात्यांच्या दाराला टेकवून ठेवलेली होती. तात्या उंबऱ्यात उभे होते आणि ती काठी घरात न्यावी की नको, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

शर्ट शिवून आले. त्या दिवाळीला त्यांनी जुनाच सदरा घातला.

पुढं तात्या मंडळात येत राहिले. पण त्यानंतर पाच हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. चार म्हणायचे आणि मागं वळून बघायचे. धुकं असो, ऊन असो, वळून बघायचे. त्यांची मान पुन्हा पुढं होईपर्यंत मी सहा म्हणत नसे. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. ती सात वर्षांची पोर कॉलेजात जाण्याएवढी झाली, नवीन आलेल्यांनीही विचारलं नाही, सगळ्यांना त्या थांबण्याची सवय झाली.

वृंदाचा फोन यायचा, पण माझ्याकडं, गिरणीत. “तात्या बरे आहेत ना?”

तात्या तिथंच दळणाच्या डब्यापाशी उभे असत. फोनची वेळ त्यांना पाठ होती. मी रिसीव्हर त्यांच्यापुढं करायची, ते दोन्ही हात हलवून नको म्हणायचे.

“बरे आहेत. तू ये ना एकदा.”

“बघू, मावशी. त्यांनी म्हटलं का तसं?”

मी तात्यांकडं बघायची. ते पिठाचं बोट सदऱ्याला पुसत बसायचे.

एकदा मी चिडले. म्हटलं, “मी सांगते तिला. खिंडीत कसे ओरडत होता ते सांगते. अजून कसे मागं वळून बघता ते सांगते.”

“शपथ आहे तुला,” ते म्हणाले. “दया येऊन आली तर मला नको. तिला वाटलं तर येईल.”

“आणि नाही वाटलं तर?”

“तर माझंच चुकलंय ना,” तात्या म्हणाले आणि डबा उचलून गेले.

शपथ कसली घेऊन बसले मी तरी! पण इंदूच्या नवऱ्याची शपथ, मोडवेना.

तात्या चैत्रात गेले, दुपारच्या झोपेत. या वेळी पहिला फोन मी इंदूरला लावला. आणि शेजारपाजाऱ्यांना सांगितलं, कितीही वेळ लागू दे, पोरगी येईपर्यंत कुणी हलवायचं नाही. आम्ही थांबलो. ती आली, पायांवर डोकं ठेवलं, आणि मग निघालो.

तेराव्यानंतर तिच्याजवळ बसून मी सगळं सांगितलं. शपथ घालणाराच गेला, आता कुणाची भीती? शर्ट सांगितले. खिंडीतलं चार सांगितलं. मागं वळून बघणं सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, “मला का नाही हो सांगितलं कुणी?” आणि गुडघ्यात तोंड घालून रडली.

दुसऱ्या दिवशी उठून म्हणाली, “मला डोंगरावर जायचंय.”

मंडळातले जेवढे जमले तेवढे निघालो. नाना आता पंच्याहत्तरीचे, पण पुढं तेच. वृंदानं काठी घेतली. चैत्राचं कडक ऊन, धुक्याचा मागमूस नाही, सगळे एकमेकांना लख्ख दिसत होते. मोजणीची काही गरज नव्हती. पण खिंडीत आलो आणि नाना पाय अडल्यासारखे थांबले.

“एक,” ते म्हणाले.

“दोन.”

“तीन.” रशीदाभाभींच्या तोंडात आज सुपारी नव्हती.

मग चारची जागा आली. नानांनी “रजा” म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

“चार, पाच,” वृंदा म्हणाली, एका दमात, अगदी तात्यांसारखं.

म्हणाली आणि चमकून थांबली. तिचा हात तोंडावर गेला, तसाच, जसा त्यांचा गेला होता. दोन वाटांच्या मधे उभी राहून ती माझ्याकडं बघत राहिली.

“मावशी,” ती म्हणाली, “असंच झालं होतं का त्यांचं?”

“असंच, बाई.”

“म्हणजे मला मोजलं नव्हतं असं नाही...”

“नाही गं.”

तिनं मागं वळून वरच्या वाटेकडं बघितलं. वर कुणी नव्हतं, वाळलेलं गवत हलत होतं. बराच वेळ बघत होती. कुणी घाई केली नाही.

शेवटी पुढून नानांनी घसा खाकरला. “सहा कुठं मेली?”

“मेले नाही,” मी म्हटलं. “सहा.”